फाउंडलिंग
डांबरगोळ्यांचा वास आला की मला नागपूरच्या त्या जुन्या मिशन दवाखान्यातली रजिस्टरांची खोली आठवते. बाबांच्या पासपोर्टसाठी जन्माची नोंद हवी होती आणि घरात इंग्रजीवाला मीच. दरवर्षी वाढदिवसाला बाबा याच दवाखान्याच्या पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना बुंदी वाटायचे. ही रीत आजीने लावलेली. बाबांचा जन्म इथला म्हणून, असं आम्ही धरून चाललो होतो. कारकुनाने पिवळं पडलेलं रजिस्टर पुढ्यात टाकलं. तारीख वाढदिवसाचीच होती, शेवटच्या रकान्यात आजोबांची सहीही होती, पण आईच्या नावाच्या जागी वळणदार अक्षरात एकच शब्द होता, फाउंडलिंग. असला शब्द मी जन्मात वाचला नव्हता. मोबाइलवर शोधला. आईबापांनी टाकून दिलेलं, कुणाला तरी सापडलेलं मूल. त्या ओळीवरून नजर हलेना. शेजारी उभे असलेले बाबा म्हणाले, "काय लिवून आहे गा?" "काही नाही बाबा, अक्षर लागून नाही राहिलं." त्यांनी आधी मोबाइलकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. "मले मालूम आहे. माय सांगून गेली. बुंदी वाटतो ना, त्याच पायरीवर सापडलो मी तिले." बाबा आता नाहीत. यंदा त्यांच्या वाढदिवसाला बुंदीचा डबा घेऊन मी गेलो. पायरीवर बसायला मात्र धीर झाला नाही, उभ्यानेच वाटली.