विजेच्या पडद्याचा दोर

ती घटना आठवली की अजूनही माझ्या डोळ्यांसमोर आधी दोराची दोन टोकं येतात, माणसं त्यानंतर. त्या वेळी मी सोलापूर शहरात फौजदार होतो. या प्रकरणातली काही माणसं हयात आहेत, बाकीच्यांची मुलंबाळं त्याच गल्ल्यांत राहतात, म्हणून नाव कुणाचंच देत नाही. नाटकगृहाचंही नाही. जुन्या लोकांना ते कळेलच.

भवानी पेठेकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका व्यापाऱ्यानं कापूस दाबायच्या कारखान्याची बंद पडलेली शेड घेऊन तिचं नाटकगृह केलं होतं. शेड ऐसपैस, त्यामुळे रंगमंच नेहमीच्या दुप्पट रुंद. नाटक कंपन्यांचे पडदे तिथे अपुरे पडत, म्हणून मालकानं स्वतःचा दर्शनी पडदा रंगवून घेतला होता. पडद्याच्या खालच्या काठाला लाकडी रूळ होता आणि त्यावर गुंडाळला जात पडदा वर चढे. रुळाच्या दोन्ही टोकांचे दोर माळ्यावरच्या कप्प्यांवरून विंगेत उतरत. ते ओढायला एक जुना पडदेवाला आणि त्याच्या हाताखाली दोन गडी लागत. दोन्ही बाजू सारख्या ओढल्या गेल्या नाहीत तर पडदा तिरका जाई आणि पिटातली, म्हणजे पुढच्या स्वस्त जागांवरची मंडळी शिट्ट्या मारत.

मालकाला ते सहन होईना. त्यानं एका गिरणीच्या मोडीतून विजेची मोटार उचलली, गिरणीतल्याच एका फिटरला धरून ती विंगेत बसवली आणि दोन्ही दोर एका रहाटावर घेतले. कळ दाबली की पडदा आपोआप वर. मध्यंतरात दुकानांच्या जाहिरातींचा फलकही तसाच खाली सोडायचा बेत होता. गडी कमी झाले. पडदेवाल्याला मालकानं झाडलोट करायला ठेवलं. गावभर हँडबिलं वाटली गेली, विजेवर चालणारा पडदा पाहायला या म्हणून. नाटकाचं नाव खाली बारीक अक्षरांत होतं.

सोलापुरात मार्शल लॉ होऊन गेलेला, त्या दिवसांत चार माणसं एकत्र जमली तरी आमचे वरिष्ठ धास्तावत, त्यामुळे बंदोबस्ताला मी स्वतः उभा होतो. संध्याकाळची वेळ, थिएटर खचाखच भरलेलं. पडद्याआडून नांदी झाली, एका प्रतिष्ठित पाहुण्यांनी कळ दाबली, मोटार घरघरली आणि एवढा मोठा पडदा एका रेषेत वर निघाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. पडदा निम्म्यावर गेला असेल नसेल, डावं टोक सुटलं. रूळ तिरका खाली आला आणि पुढच्या दिव्यांवरून घसरत थेट रंगमंचापुढे खाली ठेवलेल्या ऑर्गनवर आदळला. ऑर्गन वाजवणाऱ्या मास्तरांचा उजवा हात मध्ये सापडला.

मास्तर गावातलेच. सोलापुरात येणाऱ्या बहुतेक कंपन्यांना साथ करत. त्यांना टांग्यात घालून सिव्हिल हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर म्हणाले, हात वाचणार नाही, माणूस वाचेल का हे ताप उतरल्यावर सांगता येईल.

इकडे थिएटर रिकामं करण्यात आमचा वेळ गेला. मग माझा हवालदार माळ्यावर चढला आणि त्यानं डाव्या बाजूचा दोर खाली आणला. दोराचे दोन तुकडे झाले होते आणि दोन्ही टोकं पात्यानं कापलेली, स्वच्छ. मालकानं ती पाहिली मात्र, 'घात केला, माझ्या मोटारीवर जळणाऱ्यानं घात केला' असा त्याचा जप सुरू झाला. मास्तरांची चौकशी त्यानं त्यानंतर केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी थिएटरसमोरचा पानवाला ठाण्यात आला. हा माणूस अधूनमधून आम्हाला खबर देई आणि बहुधा खरी देई. त्यानं सांगितलं की पडदेवाला आदल्या दुपारी त्याच्या दुकानाशी बसून म्हणाला होता, 'आज काय त्यो पडदा वर जात न्हाई, बघाच तुमी.' हे ऐकणारे आणखी दोघे होते. मी त्यांचे जबाब घेतले, स्टेशन डायरीत नोंद केली आणि पडदेवाल्याला उचलून आणलं.

माणूस मूळचा वैरागकडचा, पन्नाशी उलटलेला, काटक. दोर ओढून ओढून तळहात चामड्यासारखे झालेले. त्यानं पळायचा प्रयत्न केला नाही, काय झालं म्हणून विचारलंही नाही. कोठडीत जाऊन भिंतीला टेकून बसला.

चौकशीत त्यानं सगळ्याची उत्तरं दिली. मोटारीचा राग होता का? 'व्हय, हुता की.' पानवाल्यापाशी बोलला होता का? 'बोललो हुतो.' दोर कापला का? 'न्हाई.' मग पडदा वर जाणार नाही हे कशावरून म्हणाला? इथे आला की त्याच्या तोंडाला कुलूप लागे. खाली मान घालून बसे आणि थोड्या वेळानं एवढंच विचारी, 'मास्तर कसं हायती?' हवालदाराचं मत होतं की दोन फटके दिले तर कुलूप उघडेल. मी परवानगी दिली नाही. यात दयामायेचा भाग थोडाच होता. मार खाऊन माणूस आपल्याला हवं तेच बोलतो, आणि मला नेमकं काय हवं आहे हेच मला अजून ठरवता येत नव्हतं.

वरून घाई होती. मोठे साहेब रोज विचारत. आरोपी आहे, कारण आहे, आदल्या दिवशीची धमकी आहे, कापलेला दोर आहे, मग चार्जशीट का थांबलं? मास्तर दगावले असते तर त्या माणसाच्या गळ्याशी आलं असतं. जगले असते तरी हात गेल्याबद्दल काही वर्षं सक्तमजुरी ठरलेली. त्याच्या बाजूनं बोलणारं कुणी नव्हतं, तो स्वतःही नाही.

मला ती टोकं खटकत होती. दोर आधी पूर्ण कापला असता तर पडदा डाव्या बाजूनं जागचा हललाच नसता. तो तर सगळ्यांसमोर निम्म्यावर गेला. बरं, अर्धवट कापून ठेवला असता तर उरलेला अर्धा ताणानं तुटला असता आणि तिथले धागे पिंजारले असते. पडदा चढत असताना कुणी कापला असता तरी शेवटचे धागे तसेच तुटले असते. इथे एकही धागा पिंजारलेला नव्हता. म्हणजे दोर पडदा पडल्यावर कापला गेला. पडून गेलेल्या पडद्याचा दोर कोण कशाला कापेल?

मी उजव्या बाजूचाही दोर काढून आणायला लावला. दोन्ही एकाच वेळी, एकाच मापाचे आणले होते, असं मालक आणि फिटर दोघांनी सांगितलं होतं. थिएटरच्या जमिनीवर दोन्ही शेजारी शेजारी पसरले. डाव्या दोराचे तुकडे जोडून ठेवले तरी तो हातभर कमी भरला. म्हणजे मधला भाग कुणीतरी काढून नेला होता. त्या हातभर दोरात लपवण्यासारखं काय होतं, ते मात्र कळेना.

कळलं ते आमच्या खात्याच्या सुतळीमुळे. दोरांचा पंचनामा झाला, पंचांच्या सह्या झाल्या आणि मुद्देमाल गोणपाटात बांधून त्यावर लाखेचं सील करायचं होतं. सरकारी सुतळी नेहमी कुजकी असते. हवालदारानं जोर लावला आणि ती तुटली. जबाबासाठी बोलावलेला फिटर शेजारी उभा होता. तो तेलुगू बोलणाऱ्या विणकर घरातला, बापाच्या मागावर वाढलेला आणि मग गिरणीत गेलेला. त्यानं पुढे होऊन दोन्ही टोकं हातात घेतली, माझ्याकडे बघता बघता बोटांची काहीतरी हालचाल केली, दातांनी उरलेल्या शेपट्या तोडल्या आणि सुतळी हवालदाराला परत दिली. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत.

मी गाठ पाहिली. ज्वारीच्या दाण्याएवढी. हवालदार खूश होऊन गाठोडं बांधायला लागला, त्याला मी थांबवलं. फिटरला विचारलं, शेपट्या का तोडल्यास?

"सवय आहे साहेब. मागावर सूत तुटलं की असंच जोडतात. शेपूट राहिली तर गाठ फणीत अडकते."

"आणि कप्पीत?"

 त्याच्या वरच्या ओठावर घाम आला. मी मुद्देमालातले दोन्ही तुकडे त्याच्यापुढे टाकले आणि म्हटलं, हे जोडून दाखव. त्यानं दोराला हात लावला नाही. खाली बसला आणि सांगू लागला.

त्या दिवशी सकाळी चाचणी घेताना डावा दोर रहाटाशी घासून तुटला होता. नवा दोर आणून, वर चढून, सगळ्या कप्प्यांतून ओवायचा म्हणजे दिवस गेला असता आणि पाहुण्यांना संध्याकाळचं आमंत्रण गेलेलं. त्यानं लहानपणापासून हजारो वेळा बांधलेली गाठ बांधली आणि गाठ कप्पीतून सरकावी म्हणून शेपट्या मुळापाशी कापल्या. नंतर पडदा एकदा वर नेऊन पाहिला, गेला. मालकाला सांगितलं नाही. बारीक सुतात ती गाठ जितकी ओढाल तितकी आवळते. जाड, मोटारीच्या तेलानं बुळबुळीत झालेल्या दोरात, धरायला शेपूट नसताना, ती झटक्यासरशी सुटली. गोंधळात तो माळ्यावर चढला. सुटलेल्या टोकांना गाठीचा पीळ तसाच होता. विणकरांच्या पेठेत तो पीळ कुणीही ओळखला असता, म्हणून त्यानं दोन्ही टोकं कापून खिशात घातली. गिरणीत जाऊन ती तेलकट चिंध्यांच्या ढिगात टाकली. दोर कापला गेला असा बोभाटा होईल आणि दुसराच कुणी धरला जाईल, हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं, असं त्यानं सांगितलं. धरला गेल्यावर मात्र तो गप्प बसला होता, हेही त्यानं कबूल केलं.

चिंध्यांच्या ढिगातून तुकडे मिळाले. पंचांसमक्ष आम्ही तेच तेल लावलेला दोर तसाच जोडून ओझं अडकवून पाहिला. थोडा वेळ धरला, मग सुटला. फिटरवर हयगयीचं आणि पुरावा नाहीसा केल्याचं कलम लागलं, पुढे त्यानं कोर्टात गुन्हा कबूल केला, मॅजिस्ट्रेटनी हलकी शिक्षा दिली. मालकाला हा निकाल पटला नाही. त्याला घातच हवा होता, कारण घात झाला म्हणजे मोटारीचं नाव शाबूत राहतं.

दोराचा तो प्रयोग झाला त्याच दिवशी मी कोठडी उघडायला लावली आणि पडदेवाल्याला सांगितलं, खरा प्रकार उघडकीला आला, तू सुटलास. त्याला आनंद झालेला दिसला नाही. तो उठलाही नाही. मला संताप आला. एवढी मरमर करून सोडवलं आणि हा गडी दगडासारखा बसून. मी जरा जोरातच म्हणालो, आता तरी सांग, पडदा वर जाणार नाही हे तुला कसं माहीत होतं?

"गाठ म्या बघितली हुती, साहेब," तो म्हणाला. "सकाळी झाडताना वर नदर गेली. म्या म्हनलं, ही कप्पीत अडकनार. आमी हातानं वढतो तवा गाठ आली की हाताला कळतं, आमी थांबतो. मोटारीला काय कळतंय? म्हनलं, अडकू दे. लोक हसू देत. मालकाला कळू दे."

"मग हे आधी का नाही बोललास?"

"काय बोलू? म्या कापला न्हाई, पन म्या बघत बसलो. मास्तर तितं खाली बसल्यात हेबी दिसत हुतं."

कायदा मला पाठ होता. गाठ पाहून गप्प बसणाऱ्या झाडूवाल्यासाठी त्यात कलम नव्हतं. मी तसं त्याला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, हॉस्पिटलात संगट येऊ का? मास्तरांचा ताप उतरला होता आणि मला त्यांचा पुरवणी जबाब घ्यायचाच होता. आम्ही दोघं चालत गेलो. 

मास्तर खाटेवर उशीला टेकून बसले होते. उजवा हात कोपरापासून नव्हता. त्यांनी पडदेवाल्याला पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला, कारण फिटरच्या कबुलीची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. 'तू असं करणार नाहीस हे मी डॉक्टरांना पहिल्या दिवसापासून सांगत होतो,' ते म्हणाले. दोघांची ओळख जुनी. कितीतरी वर्षं मास्तरांचा पहिला सूर ऐकूनच तो दोराला हात घालत असे.

पडदेवाला खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला. मला सांगितलं होतं ते सगळं त्यानं त्यांना सांगितलं. काही गाळलं नाही, स्वतःची बाजूही घेतली नाही. मला त्याला थांबवावंसं वाटत होतं. तो नसता बोलला तर मास्तरांना हे कधीच कळलं नसतं.

मास्तरांनी तोंड खिडकीकडे वळवलं. मग त्याच्याकडे न पाहता म्हणाले, "मालकाला नव्हतं सांगायचं तर नको. मला तेवढं म्हणायचं होतंस, मास्तर, आज जरा बाजूला बसा."

 जबाब लिहायला पेनाच्या टोपणावर ठेवलेला हात मी उचलला आणि पेन तसंच खिशात राहू दिलं. थोड्या वेळानं नर्स जेवणाचं ताट घेऊन आली आणि मास्तरांनी डाव्या हातानं भाकरी तोडायचा प्रयत्न सुरू केला. भाकरी ताटाबरोबर सरकत होती. पडदेवाला पुढे झाला आणि त्यानं नुसतं ताट धरून ठेवलं. मास्तरांनी त्याला हटकलं नाही. जेवण संपेपर्यंत ते तसंच चाललं.

पुढे नोकरीत अनेक आरोपी माझ्यापुढे गप्प बसले. गप्प बसलेला माणूस गुन्हेगारच असतो असं आमच्या खात्यात नव्या माणसाला वाटतं, आणि कधीकधी ते खरंही निघतं. पण मी त्या प्रकरणानंतर प्रश्नांचा क्रम बदलला. तू काय केलंस, हे मी मागाहून विचारत असे. आधी विचारत असे, तू काय पाहिलंस.