डावा हात
आमचे हे अमेरिकेत एडिसन गावच्या हॉस्पिटलात ॲडमिट होते, तेव्हा खालच्या डेस्कवर पास द्यायला घानाचा एक वयस्क गार्ड असायचा. नाव त्याच्या छातीवर लिहिलेलं होतं. मी कधी वाचलं नाही.

पहिल्या दिवशी मी घाईत म्हटलं, “पास. चौथा मजला.”

“गुड मॉर्निंग, ममा,” तो म्हणाला आणि मीही गुड मॉर्निंग म्हणेपर्यंत थांबला. माझ्या उजव्या हातात डबा होता, म्हणून मी डावा पुढे केला. त्यानं पास सोडलाच नाही.

“आमच्या गावात डाव्या हातानं देत-घेत नाहीत.”

मला रागच आला. नाशिकला आईनं याच गोष्टीसाठी चापट्या मारल्या होत्या. आता हा कोण मला शिकवणारा? पण डबा खाली ठेवला. मग रोजच ठेवायला लागले. तोही फोनवर बोलत असला तरी फोन बाजूला ठेवून उजव्या हातानं पास द्यायचा.

एका सकाळी हे गेले. मी पास परत करायला डेस्कशी आले आणि डाव्या हातानंच तो पुढे केला. तो उभा राहिला, टोपी काढली आणि दोन्ही हातांनी पास घेतला.

गाडीत बसल्यावर उजवी मूठ उघडली. तिच्यात यांचा चष्मा होता.