खालच्या खणातले अर्ज

"गमछा है न कंधे पर? उसी से पोंछिए, बड़े बाबू."

मी गुडघ्यांवर बसलो आणि पुसायला लागलो.

कॉलेजच्या फाटकासमोरच्या फरशीवर मुलींनी खडूने लिहिलं होतं. लायब्ररीपासून मागच्या फाटकापर्यंतचा रस्ता संध्याकाळी अंधारात असतो. तिथे एका मुलीची ओढणी ओढली गेली. ती तक्रार करायला गेली, तर पहारेकऱ्याने तिलाच विचारलं, इतक्या उशिरापर्यंत काय करत होतीस? म्हणून चाळीसेक मुली फाटकाशी बसल्या होत्या. घोषणा नाहीत, दगड नाहीत. फरशीवर एकच ओळ, पुन्हा पुन्हा लिहिलेली: बत्ती कब लगेगी?

शिस्तीचं खातं बघणारे प्रॉक्टर साहेब माझ्या डोक्यावर उभे होते. शिपाई हजर होता, बादली होती, फडकंही होतं. पण त्यांना माझाच गमछा हवा होता. ओल्या खडूचा चिखल झाला, माझ्या बोटांत शिरला.

"और रगड़िए. गंगाजी रोज नहाते हैं, हाथ तो चलते होंगे."

बरोबरचे दोघे प्राध्यापक हसले. मग मुलींमधून एक जण उठली आणि माझ्यापाशी येऊन बसली. ब्रह्मा घाटावरच्या आमच्याच मराठी गल्लीतली. तिचे वडील पाठशाळेत वेद शिकवतात. गल्लीच्या गणपतीत आरतीची झांज वाजवताना तिला मी लहानपणापासून पाहिलेलं.

"काका, उठा तुम्ही," ती म्हणाली. "आम्ही पुसतो."

मी मान वर केली नाही. सगळ्यांना वाटलं, अपमानाने खाली घातली असेल. तसं नव्हतं. त्या मुलीचे तीन अर्ज माझ्या टेबलाच्या खालच्या खणात पडून होते.

माझं काम सांगतो. बड़े बाबू म्हणजे ऑफिसातला मुख्य कारकून. ऑफिसात येणारा प्रत्येक कागद आधी माझ्याकडे येतो. मी त्यावर आवकचा शिक्का मारतो, नंबर टाकतो, रजिस्टरात चढवतो आणि आणणाऱ्याला शिक्का मारलेली प्रत परत देतो. इथे तिला रिसीविंग म्हणतात. कागद आला होता याचा पुरावा तेवढाच.

नियम असा की धरणं, सभा, मोर्चा, काहीही करायचं तर सात दिवस आधी लेखी परवानगी मागायची. नियम छापलेला आहे. न छापलेला नियम मला साहेबांनी नऊ वर्षांपूर्वी चहा पाजून सांगितला होता.

"ऐसे आवेदन ले लीजिए. चढ़ाइए मत."

परवानगी नाकारायची तर कारण लिहावं लागतं. लिहिलेल्या कारणावर कुणी वर दाद मागू शकतं. पण कागद आलाच नाही, तर नाकारायचं काय? म्हणून मी अर्ज हसून घ्यायचो. "रख दीजिए, हो जाएगा" म्हणायचो आणि शिक्का न मारता खालच्या खणात टाकायचो. मुलं सात दिवस वाट बघायची, मग बसायची. बसली की नोटीस निघायची: बिना अनुमति. आमच्या कॉलेजात या नऊ वर्षांत एकाही विद्यार्थ्याला परवानगी नाकारलेली नाही. रजिस्टर बघा.

नोकरीची भीती होती, हे खरं. पण तेवढंच सांगितलं तर तेही खोटं होईल. साहेब मला त्यांच्या खोलीत खुर्ची द्यायचे. आप तो अपने आदमी हैं, म्हणायचे. ती खुर्ची मला आवडायची.

माझे वडील दशाश्वमेधावर एका तीर्थपुरोहितांच्या वह्या लिहीत. आम्ही पुरोहित नव्हे, लिहिणारे. साताऱ्याहून, नाशिकहून यात्रेकरू येत. त्यांचं गाव, आजोबांचं नाव, बरोबर कोण आलं, सगळं ते लिहून घेत. एकदा नवऱ्याने टाकलेली एक बाई एकटीच आली. माझं काय लिहिता, म्हणाली. वडिलांनी तिला बसवलं, पाणी दिलं आणि तिचं नाव लिहिलं. तिचं स्वतःचं, पूर्ण. त्यांचं अक्षर मला आलं. बाकीचं आलं नाही.

फाटकाच्या प्रकारानंतर चौकशी बसली. टेबलामागे तिघे, मधल्या खुर्चीत साहेब. समोर सहा मुली उभ्या. मी रजिस्टर घेऊन कोपऱ्यात.

ती म्हणाली, "हमने तीन बार आवेदन दिया था. काका को."

साहेब माझ्याकडे वळले. "बड़े बाबू, कोई आवेदन आया था?"

तिनेही माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर सुटका होती. आता काका सांगतील आणि संपेल, एवढी खात्री.

"रजिस्टर में नहीं है, सर," मी म्हणालो.

हे वाक्य मी सकाळी आंघोळ करताना तयार केलं होतं. त्यात एकही शब्द खोटा नव्हता.

"काका?" ती म्हणाली. एवढंच.

पाच मुलींनी माफीनामे लिहून दिले. त्यांचा मसुदा माझाच, माझ्या सुंदर अक्षरातला. त्यांनी फक्त उतरवला. तिने उतरवला नाही. परवानगी मागितली होती, मग माफी कशाची, असं तिचं म्हणणं. तिचं एक सेमिस्टर गेलं. परीक्षेला बसता येणार नाही.

दोन दिवसांनी सकाळी गल्लीत भाजीवाल्यापाशी तिचे वडील भेटले. मी वाट बदलणार होतो. त्यांनीच हाक मारली.

"अहो, थांबा जरा. तुमची माफी मागायची होती."

"माझी? कशाबद्दल, गुरुजी?"

"पोरीनं उगाच तुमचं नाव गोवलं. घरी बोललो तिला. म्हटलं, खोटं बोललीस ते बोललीस, वर त्या सज्जन माणसाला ओढलंस? बचपना आहे तिचा. मनावर घेऊ नका."

त्यांनी हात जोडले. माझ्या हातात कोथिंबिरीची जुडी होती. मी म्हणालो, "असू द्या, गुरुजी. लहान आहे."

मी तिला माफ करून टाकलं. गमछ्याने फरशी पुसली तो अपमान दुसऱ्याने केला होता. हा मी स्वतः केला. घरी आलो, जेवायला बसलो, ताट सारून उठलो. बायकोने विचारलं काय झालं. ऊन लागलं, म्हणालो.

आठवड्याने ती ऑफिसात आली. हातात अपीलचा अर्ज, दोन प्रती. बस म्हटलं तर बसली नाही.

"सर, अपील है. रिसीविंग लेकर जाऊँगी."

सर. काका नाही. मराठीही नाही.

मी शिक्का मारला, नंबर टाकला, रजिस्टरात चढवलं. प्रत बाजूला ठेवली. खालचा खण उघडला. आत एकतीस अर्ज होते. त्यातले तिचे तीन काढले. कोरा कागद घेतला आणि लिहिलं: हे तीन अर्ज त्यांवरच्या तारखांना मी स्वतःच्या हाताने घेतले. तोंडी आदेशावरून चढवले नाहीत. चौकशीत मी सत्य लपवलं. खाली सही. मागची तारीख घालता येत नाही. त्या दिवसाचीच घातली. हेही रजिस्टरात चढवलं आणि दोन्हींच्या शिक्का मारलेल्या प्रती तिला दिल्या.

तिने उभ्याउभ्याच वाचलं. दोनदा.

"बाबांना कोण सांगणार?" मराठीत विचारलं.

"मी."

"कधी?"

"आज."

ती गेली. आभार मानले नाहीत. मानायचं कारणही नव्हतं.

संध्याकाळी पाठशाळेच्या ओट्यावर, शिष्य बसलेले असताना, मी गुरुजींना सांगितलं. त्यांनी समोरची पोथी मिटली. मग म्हणाले, "मी तिला खोटारडी म्हटलं." आणि उठून आत गेले. मला बसा म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी रजिस्टर मागवलं.

"यह क्या चढ़ा दिया, बड़े बाबू? काटिए."

"नहीं काटूँगा, सर."

"बाल-बच्चेदार आदमी हैं आप."

"इसीलिए."

आज मी निलंबित आहे. तिचं अपील पडून आहे, सेमिस्टर गेलं ते गेलंच. रस्त्यावर दिवे अजून नाहीत. उरलेल्या अठ्ठावीस अर्जांवरची नावं मी उतरवून घेतली आहेत. काही मुलं शहर सोडून गेली असतील. एकेकाला शोधून सांगायचं आहे की तुम्ही विचारलं होतं, मी लपवलं.

परवा माझ्या निलंबनाच्या नोटिशीचं उत्तर घेऊन ऑफिसात गेलो. माझ्या टेबलावर आता दुसरे बाबू बसतात. त्यांनी कागद घेतला, हसले.

"रख दीजिए, हो जाएगा."

मी कागदावरचा हात उचलला नाही. म्हणालो, "मुहर लगाइए. मैं खड़ा हूँ."

त्यांनी साहेबांच्या दाराकडे पाहिलं. मी पाहिलं नाही. दुपार झाली. ते जेवून आले. मी उभाच होतो. शिक्का मिळाला नाही.

उद्या पुन्हा जाणार आहे. तिथेच उभा राहणार आहे.