काडेपेटीतले शब्द

त्या वर्षी मे महिन्यात माहेरी जायचं, आमरस खायचा आणि दुपारभर लोळायचं, एवढाच माझा बेत होता. पण आमच्या मुख्याध्यापकांनी उन्हाळी वाचनवर्गासाठी परस्पर माझं नाव देऊन टाकलं, आणि मला कळवलं ते सुट्टी लागल्यावर, फोनवर. समोर सांगितलं असतं तर मी भांडले असते हे त्यांना पक्कं माहीत होतं.

गाव जाफराबाद तालुक्यातलं. शाळेचे पत्रे तापायचे, म्हणून वर्ग बुद्धविहारात, सकाळी सात ते दहा. चौथी पास झालेली पण धड वाचता न येणारी अकरा मुलं. घरात पुस्तक नाही, शिकवणी परवडत नाही. मार्चमध्ये कशीबशी आलेली अक्षरं जूनपर्यंत निम्मी पुसून जायची. पहिल्या दिवशी मी तोंड फुगवूनच गेले, हे कबूल करते.

त्यांतली एक मुलगी दाराजवळ बसायची. तिची आई शेडनेटमध्ये, म्हणजे जाळीच्या मांडवात, काकडीचं बियाणं तयार करण्याच्या कामाला होती. पाचवीची शाळा शेजारच्या गावात, एसटीनं जावं लागायचं. आईनं मला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, "मॅडम, हिला वाचता येत न्हाई, मंग एसटीनं जाऊन तरी काय करील? घर सांभाळील. मोठी झाली की माझ्यासंगं नेटमधी येईल. हात लई बारीक हायेत तिचे." म्हणजे जूनच्या आत पोरगी वाचायला लागली तर पाचवी, नाहीतर शाळा संपली.

मी प्रत्येकाला एकेक गोष्टीचं पुस्तक घरी दिलं. आठ दिवसांनी तिनं तिचं परत आणलं आणि माझं डोकंच फिरलं. पानापानावर बाभळीच्या डिंकानं तांबड्या लोकरीचे तुकडे चिकटवलेले. आणि मधेमधे भोकं! नखानं नेमका एकेक शब्द खुडलेला. शाळेचं पुस्तक, मोजून घेतलेलं. मी सगळ्यांसमोर तिला नको नको ते बोलले. "पुस्तकाची किंमत नाही तर येऊ नकोस," असंही म्हणाले. ती रडली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

चौथ्या दिवशी वर्ग सुटल्यावर मी तिच्या घरी गेले. आई नुकतीच कामावरून येऊन पाणी पीत होती. म्हणाली, "फाडलं म्हून मीबी दोन दिल्या तिला. बस झाली आता शाळा."

मी मुलीला विचारलं, "का गं खुडलेस शब्द?"

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "जे लागले न्हाईत ते खुडले. न्हाईतर सगळं खराब होतंय ना."

मला काही कळेना. आईच्या हातातला तांब्या मात्र तसाच राहिला. मग तिनंच मला समजावलं. नेटमध्ये सकाळी एकेका फुलाला हातानं पराग लावायचा आणि त्याला तांबडी लोकर बांधायची. जे फूल राहून गेलं, ते खुडून टाकायचं. ठेवलं तर बियाण्यात भेसळ होते, सगळा माल नापास. "दिवाळीच्या सुट्टीत आल्ती माझ्यासंगं बसायला," आई हळू आवाजात म्हणाली. "म्याच शिकवलं हिला, एकबी ठेवायचं न्हाई म्हून."

मला इतकी लाज वाटली की बसायला दिलेल्या पोत्यावरून उठावंसं वाटेना. ही पोरगी पुस्तक फाडत नव्हती. आईचं काम जितकं नेटकं होतं, तितकंच नेटकं वाचायला बसली होती. लोकर म्हणजे आलेला शब्द. आणि इतकी वर्षं शिक्षिका असून मी तिला एवढंही सांगितलं नव्हतं की फूल एका सकाळचं असतं, पण शब्द उद्यापर्यंत थांबतो. ते मी तिला तेव्हा सांगितलं. चुकलं माझं, असंही सांगितलं. तिनं आत जाऊन काडेपेटी आणली. त्यात सगळे खुडलेले शब्द होते. टाकवले नाहीत म्हणाली.

"शाळा उघडायच्या आत पुस्तक वाचून दाखवू दे," आई म्हणाली. "मंग बघू."

मग रोज दहानंतर आम्ही दोघी विहाराच्या पायरीवर. काडेपेटीतून शब्द काढायचा, उलटसुलट बघायचा, फोड करायची, आला की चिकटपट्टीनं जागेवर बसवायचा. बहुतेक जोडाक्षरंच. मी माहेरी गेलेच नाही. माझ्या आईनं फोनवर विचारलं तेव्हा उन्हाचं कारण सांगितलं. ते पुस्तक असं काही जाडजूड झालं की मिटेना. पण भोकं बुजत गेली. शेवटी एकच राहिलं, आणि काडेपेटी रिकामी. पोरगी त्या भोकात बोट घालून बसायची. सगळं पुस्तक घडाघडा वाचायची आणि तिथं येऊन अडायची.

वर्गाच्या शेवटच्या दिवशी तिची आई नेटमधून थेट विहारात आली, घामानं भिजलेली. पदराची गाठ सोडून तिनं नखाएवढा कागद माझ्यापुढं धरला. "घर झाडताना चटईखाली घावला. फेकून द्यावा म्हनलं... हात झाला न्हाई. बघा, हाय का ह्याच पुस्तकातला."

मी तो मुलीच्या हातावर ठेवला. तिनं बराच वेळ बघितला. ओठ हलले.

"चष्मा," ती म्हणाली, आणि माझ्या नाकावर बोट ठेवलं. "मॅडमचा चष्मा!"

अख्खा वर्ग हसला. मी त्या चष्म्याआडून काय करत होते ते कुणाला दिसलं नसावं. आई हसली नाही. तिनं तो कागद स्वतःच्या हातानं, मी दाखवलं तिथं, बरोबर बसवला. बारीक हात आईकडूनच आले होते. चिकटपट्टीवरून अंगठा फिरवून झाल्यावर तिनं वर बघितलं.

"मॅडम," ती म्हणाली, "एसटीचा पास कुठं काढतात?"