बिरप्पा आणि उलटीची गोळी

अठ्ठेचाळीसच्या पोलीस कारवाईनंतर आमची कंपनी बिदरला होती. मी नाईक हुद्द्यावर, तीन टनी लॉरी चालवायचो. हुलसूरकडच्या चौकीला रेशन पोचवायचं, एवढीच ड्यूटी. लढाईच्या गोष्टी ऐकायला बसलेले लोक हे ऐकून हिरमुसतात. हिरमुसू देत.

वाटेत नदीवर पुलाऐवजी बिनकठड्याची बुटकी फरशी होती. तिच्यावरून पाणी वाहू लागलं की एक जवान काठी घेऊन लॉरीपुढे चालायचा, कडा दाखवायचा. हे काम शिपाई बिरप्पाचं. मेंढरं राखत त्याच नदीकाठी वाढलेला. वाहत्या पाण्याकडे पाहिलं की आपणच सरकतोय असं वाटतं. तो मला सांगायचा, "पान्याकडं बघूच नका. पल्याडचं झाड नजरंत धरायचं अन् चालायचं."

पण या पठ्ठ्याला गाडी लागायची. एकदा पिठाच्या पोत्यांवर ओकला, तेव्हापासून आमच्यासोबत येणाऱ्या सुभेदारसाहेबांनी दवाखान्याच्या ऑर्डर्लीला त्याच्या गोळ्या सुरू करायला लावल्या. त्या दिवशी एकीनं भागलं नाही, म्हणून साहेबांनी वाटेत दुसरी दिली. उलटी थांबली. नदीशी उतरला तेव्हा मात्र पाय लटपटत होते, डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या.

"साहेब, आज दुसरा जवान पाठवा," मी शेजारी बसलेल्या सुभेदारसाहेबांना म्हणालो.

"उलटी थांबली ना? मग बरा आहे. बिरप्पा, आगे बढ!"

"व्हय साहेब."

तो पाण्यात शिरला. मी मागून गाडी घातली. मध्यावर तो थांबला.

"नाईकसाहेब, झाड सरकायलंय!"

"बस खाली! हलू नको!"

झाड जागेवरच होतं. तो मात्र त्याच्यामागे कलत गेला. एक पाऊल, दुसरं पाऊल, आणि फरशी संपली. दुसऱ्या दिवशी तो खालच्या डोहात सापडला.

पुढे लष्करी डॉक्टरांनी मला समजावलं. त्या गोळीनं कानातलं तोल सांभाळणारं यंत्र मंदावतं, माणूस डोळ्यांवर विसंबतो. डोळेही धूसर झालेले, आणि समोर वाहतं पाणी. छान समजावलं. हेच ऑर्डर्लीला आधी समजावलं असतं तर?

चौकशीत निष्काळजीपणा ठरला, तोही बिरप्पाचाच. त्याचा बाप कंपनीत आला.

"खांद्यावर मेंढरू घिऊन नदी उतरायचं माझं पोर. कामून पडलं?"

"पाय घसरला," सुभेदारसाहेब म्हणाले.

माझं डोकं फिरलं. त्यांच्या देखत मी गोळीचं सगळं सांगून टाकलं. म्हातारा सुभेदारांकडे वळला.

"ओकू द्यायचं होतं की, साहेब. ओकून कुनी मरत न्हाई."