नाक जरा खाली

धारवाडच्या एका निवासी शाळेत मी चित्रकला घेऊन दहावीला होते. एका रविवारी व्हरांड्यात मडक्याचं चित्र रंगवत बसले होते. ते सोमवारी द्यायचं होतं. नातीला भेटायला कलघटगीहून आलेले एक आजोबा शेजारी येऊन टेकले. नात मैदानावर खो-खो खेळत होती.

"पोरी, माणसं काढतीस? आमच्या हिला काढ की. गेल्या वर्षी गेली."

"फोटो आहे?"

"तिनं काढून दिला तर ना!"

नाही म्हणायचा धीर झाला नाही. मी नवा कागद घेतला. ते सांगत गेले, मी काढत गेले. दर रेघेला ते चष्मा कपाळावर चढवत, कागदावर वाकत आणि मान हलवत.

"नाक जरा खाली." घेतलं. "एवढं नाही." खोडलं. "हसू चांगलंय, पण ही दुसरीच कोण बाई!"

खोडून खोडून कागद विरला, इकडं मडक्यासाठी कालवलेला रंग सुकला आणि माझं डोकं फिरलं. दातओठ खात मी भुवया दाबून ओढल्या आणि हसरे ओठ घट्ट मिटवून टाकले.

आजोबा कागदावर वाकले. या वेळी मान हलली नाही.

"हां, आत्ता आली बघ," ते हळूच म्हणाले. "घरी उशिरा गेलो की अशीच बघायची."

तेवढ्यात नात धावत आली. कागद पाहून व्हरांड्याच्या पायरीवरच थबकली.

"अज्जी कुणावर चिडलीय?"

"माझ्यावर, आणि कुणावर!" आजोबा खुशीत म्हणाले.