एका वर्षाला एक रबर

रहिमतपुरातून आम्ही निघालो तेव्हा साखर कारखान्याचा हंगाम जोरात होता. रस्त्यावर उसाच्या गाड्यांची रांग लागली होती आणि आमची जीप दारासमोरच त्यांच्या मागं अडकून पडली, म्हणून निरोप उगीच लांबला. सासूबाईंनी ओटी भरली, हातावर दही ठेवलं. माझे आईवडील कुंडलहून मुद्दाम आले होते. आबा फौजेतून सुभेदार होऊन परतलेले. जीपच्या दाराशी ताठ उभं राहून ते माझ्या नवऱ्याला म्हणाले, "पोचल्याव फोन करा. बाजारातल्या एस्टीडीवाल्याला सांगून ठिवलंय, कवाबी करा, त्यो हाळी देतो." आई खिडकीतून हात आत घालून माझ्या पदराची पिन नीट करत राहिली. जीप हलली तेव्हाच तिचा हात सुटला.

ही नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. ह्यांना इटलीत, तुरिन शहराजवळच्या एका कारखान्यात नोकरी लागली होती. मी तोवर साताऱ्यापलीकडं फक्त पुणं पाहिलेलं. गावाकडं राहिलेल्यांना वाटतं, परदेश म्हणजे सगळं झगझगीत. माझ्यासारखे जे बाहेर गेले त्यांना ठाऊक आहे, पहिलं वर्ष कसं जातं ते. हे अंधारातच कामावर जायचे. मग दिवसभर त्या घरात मी आणि गॅसवरचं एक भांडं, एवढेच आवाज करणारे.

ते भांडं कॉफीचं. तिकडं ते घरोघरी असतं. खालच्या भागात पाणी, मध्ये पूड भरायची वाटी, वर किटलीसारखा भाग, आणि सगळं आट्यांवर फिरवून घट्ट बसवायचं. आच लागली की वाफेच्या दाबानं पाणी पुडीतून वर चढतं आणि किटलीत काळी, दाट कॉफी जमते. खालच्या मजल्यावरच्या रोझाबाई, माझ्या आईपेक्षा मोठ्या, एकट्या राहणाऱ्या, त्यांनी मला ते वापरायला शिकवलं. भाषा एकमेकींची कळत नव्हती, पण भांड्यापुरतं भागत होतं.

एका सकाळी त्याच्या कडेतून फसफस करून वाफ निघायला लागली. कॉफी वर येईना, खालून गरम पाणी गॅसवर गळायला लागलं. वस्तू साधी होती, पण मी जिन्यात बसून रडले. रोझाबाई वर आल्या. त्यांनी भांडं उघडलं, वरच्या भागाच्या बुडाशी बसलेली रबराची कड्यासारखी चकती चमच्याच्या दांडीनं उचकटून काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. कडक झाली होती, चिरली होती. त्या चकतीनं धरून ठेवलेली बारीक भोकांची जाळीही निघाली, तिची भोकं बुजलेली. मग त्यांनी त्या चकतीचं तिकडचं नाव माझ्याकडून घोटून घेतलं, ग्वार्नित्सिओने, आणि मला एकटीलाच कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात पाठवलं. तिकडच्या भाषेत मी दुकानात उच्चारलेला पहिला शब्द तो. पाव, पीठ, मीठ हे सगळे शब्द नंतर आले. दुकानदारानं काही न विचारता नवी चकती आणि जाळी काढून दिली, तेव्हा आपण इथं राहू शकू असं मला पहिल्यांदा वाटलं.

पहिल्यांदा गावी आले तेव्हा आबांसाठी तसलंच भांडं आणलं. त्यांची पलटण बरीच वर्षं दक्षिणेत होती. तिथं कॉफीची सवय लागली आणि कुंडलला आल्यावर मोडली, कारण आमच्याकडं कॉफी म्हणजे पाहुणा आला की जायफळ घालून केलेली दुधाळ, गोड कॉफी. सांगलीहून पूड दळून आणली. आबांनी पहिला घोट घेतला, डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. आई मात्र लांबून बघत होती. ती त्याला इंजिन म्हणायची. पण मी रबर दाखवलं तशी जवळ आली. "ह्ये तर ष्टोच्या वायसरवाणी हाय," म्हणाली. पंपाच्या स्टोचं वायसर ती वर्षानुवर्षं स्वतःच बदलत आलेली. मग तिनं विचारलं, "किती टिकतंय?"

"रोज वापरलं तर वर्षभर."

"म्हंजे फुडल्या वर्साला तू नवं घिऊन येशील. बरं हाय."

तसा शिरस्ताच पडला. दरवर्षी मी एक रबर घेऊन यायची. आल्यादिवशी चहा व्हायचा, दुसऱ्या सकाळी मी भांडं उघडून जुनं रबर काढायची, जाळी घासायची, नवं बसवायची. आबा शेजारी बसून बघायचे, पण हात लावायचे नाहीत. ते माझं काम होतं.

मग आमचा मुलगा तिकडच्या शाळेत जायला लागला. ह्यांची नोकरी कायम झाली, आम्ही तिथंच घर घ्यायचं ठरवलं. शाळेची सुट्टी आणि ह्यांची रजा जुळेना. दरवर्षी येणं आता होणार नव्हतं, तीन-चार वर्षांनी एकदा जमलं तर जमलं. ही गोष्ट निघायच्या आधी शांतपणे सांगायची असं मी ठरवून आले होते. पण बॅग आईनं उघडली. तिच्या हाताला रबरांची पुडी लागली, ओंजळभर रबरं.

"एवढी कशाला गं?"

"असू देत. लागतील."

तिनं रबरं मोजली. "एका वर्साला एक लागतंय. मग एवढी वर्सं तू येणार न्हाईस व्हय?"

तेव्हा मी सगळं सांगितलं. आईनं ऐकून घेतलं. मग पुडीतलं एक रबर काढून बाजूला ठेवलं आणि बाकीची माझ्या मांडीवर टाकली. "ही तू परत घिऊन जा. मी एकच ठिवती. त्ये झिजलं की तुला यावंच लागंल."

आबा दारात उभे होते. म्हणाले, "अगं, असं बांधून घालू नगंस तिला. मीबी गेलोच की फौजंत. तू कवा आडवलंस का मला?"

"तुमास्नी पेन्शनीला माघारी धाडत्यात, ह्ये ठावं हुतं मला," आई म्हणाली. "हिचं तसं न्हाई."

आबा उसाच्या रानात निघून गेले. आई भाकरी करायला बसली.

दुसऱ्या सकाळी आबांनी चष्मा लावला, भांडं समोर घेतलं आणि म्हणाले, "सुमे, मला बदलाय शिकीव." मी शिकवलं. त्यांची जाड बोटं त्या बारीक कडेत शिरेनात. चमचा निसटला, रबर वाकडं बसलं, पुन्हा काढलं. चुलीपाशी बसून आई हे बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही. उठून आली, त्यांच्या हातातून भांडं घेतलं. "आवं, जाळी उलटी बसवलीसा." तिनं जाळी फिरवली, रबर अंगठ्यानं चहूबाजूंनी दाबलं आणि ते नीट बसलं. बाकीची रबरं आबांनी तारेत ओवली आणि स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवली. मी परत गेले.

फोन रविवारी असायचा. आईचे प्रश्न ठरलेले: पोरगं जेवतंय का, थंडी हाय का. पुढच्या वर्षी रब्बीच्या पेरणीच्या सुमाराला एका रविवारी तिनं यातलं काहीच विचारलं नाही.

"सुमे, रबरं संपली."

"सगळी?"

"समदी."

"आबांना दे जरा."

"त्ये रानात गेल्यात," आई म्हणाली, आणि तिच्या मागं आबा खोकलेले मला स्पष्ट ऐकू आले.

मी ह्यांना सांगितलं, आईकडची रबरं संपलीत. ह्यांनाही ठाऊक होतं ती ओंजळभर होती, वर्षात संपणारी नव्हती. हे म्हणाले, "तू आणि पोरगं जा. मला रजा मिळणार नाही." मुलाच्या शाळेत जाऊन मी परवानगी घेतली.

सगळ्या प्रवासात डोक्यात तेच फिरत होतं. आबा आजारी असतील, नाहीतर आईलाच मिरजेला दवाखान्यात न्यायचं असेल आणि फोनवर सांगवत नसेल. कुंडलला उतरले तर आबा ओसरीवर बसलेले, चांगले धट्टेकट्टे. आई भाकरी थापत होती. खिळ्याला तार तशीच होती, रबरांनी भरलेली. तिनं ती लपवलीसुद्धा नव्हती.

"आई, रबरं संपली म्हणालीस न्हवं?"

"व्हय. म्हणल्याली."

"मग काय झालंय? खरं सांग."

तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला. "काय हुयाचं हाय? तू आली न्हवतीस." मग माझ्या मुलाला जवळ बसवून त्याच्या ताटात दूध-भाकरी कुस्करायला लागली.

त्यानंतर मी दरवर्षी गेले. कधी मुलाला घेऊन, कधी एकटी, कधी आठवड्यापुरती. सुट्ट्या जुळवायला शिकले. आई-आबा आता नाहीत, चुलतभाऊ त्या घरात राहतो, तरी माझं जाणं थांबलेलं नाही. तुरिनच्या घरालाही मी घरच म्हणते. मुलगा तिथं वाढला, ह्यांची उमेदीची सगळी वर्षं तिथं गेली, ते खोटं कसं म्हणू? पण तिथं राहायला मला कायम काही ना काही कारण लागलं. नोकरी, शाळा, कागद. तिथल्या विमानतळावरचा माणूसही कितीतरी वर्षं विचारत राहिला, इथं कशासाठी आलात. कुंडलच्या त्या ओसरीवर मला हे आजवर कुणी विचारलेलं नाही. भाऊ नुसतं म्हणतो, "आलीस? हात-पाय धू."